यवनाचं भांडं

ग्रीसचं नाव काढलं की आपल्यातली पोरं जांभई देतात. हे साहेबाचं काहीतरी, नाहीतर कॉलेजातल्या प्राध्यापकाचं. शाळेनं आपल्याला त्यातलं चिमूटभर दिलेलं असतं. अलेक्झांडर घोड्यावर बसून आला, पोरसानं बाणेदार उत्तर दिलं, सॉक्रेटिस विषाचा पेला प्याला. पाच मार्कांची टीप लिहिली की ग्रीस संपला.

मी म्हणतो, संपत नाही. ग्रीक माणूस आपल्या मुलखात येऊन राहिला, त्यानं व्यापार केला, आपल्या लेण्यांना दान दिलं. तो इथं आला तेव्हा चातुर्वर्ण्यवाल्यांपुढं एक अवघड प्रश्न उभा राहिला. ह्याला बसवायचा कुठं? त्याचं उत्तर त्यांनी लिहून ठेवलंय. ते वाचलं की आपल्या विटाळाचं गणित उलगडायला लागतं. म्हणून ही पानं खर्ची घालतोय.

सुरुवात कोल्हापुरातनंच करू. सीपीआर दवाखान्यासमोर टाऊन हॉलची बाग आहे. बागेतल्या त्या दगडी इमारतीत म्युझियम आहे. आपण तिथनं शंभरदा गेलेलो असतो, मोर्चाला जाताना, दवाखान्यात कुणाला डबा नेताना. आत जात नाही. आतल्या संग्रहात काशाची एक छोटी मूर्ती आहे. पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. ती कुणा साहेबानं विलायतेतनं आणून भेट दिलेली नाही. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीचं टेकाड आहे, त्याच्या पोटातनं ती निघाली. १९४४-४५ साली प्रा. कुंदणगार यांना तिथं काशाच्या वस्तूंचा मोठा साठा सापडला. लगेच १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या सांकळिया आणि दीक्षित यांनी तिथं रीतसर खोदाई केली, १९५२ साली तिचा अहवाल छापला. साठ्यात भांडी आहेत, आरसे आहेत, हत्तीवर बसलेली माणसं आहेत. एका तबकडीवर पर्सियस आणि अँड्रोमेडा ही ग्रीक पुराणातली जोडी आहे. काही माल रोमन साम्राज्यातनं आलेला, काही इथल्याच कारागिरांच्या हातचा. काळ सातवाहनांचा, म्हणजे इसवी सनाची पहिली-दुसरी शतकं.

कोल्हापूरला समुद्र नाही. मग समुद्रदेव आला कसा? घाट चढून आला. त्या काळात इजिप्तमधले ग्रीक खलाशी आणि व्यापारी मोसमी वारा धरून आपल्या किनाऱ्याला लागायचे. त्यातल्या एकानं लिहिलेली वाटाड्याची वही आजही उपलब्ध आहे. तिला पेरिप्लस म्हणतात. तिच्यात सोपारा आहे, कल्याण आहे, चौल आहे, आत पैठण आणि तेर आहे. दुसऱ्या शतकातला टॉलेमी हा भूगोलकार हिप्पोकूरा नावाच्या राजधानीची आणि तिथल्या बालेओकूरोस राजाची नोंद करतो. कोल्हापुरात विळिवायकुर नावाच्या राजाची नाणी सापडली आहेत. हा तोच राजा असावा असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे अलेक्झांड्रियात बसलेल्या ग्रीकाच्या कानावर आपल्या ह्या राजाचं नाव गेलेलं असणार.

ह्याच शहरात एकोणिसाव्या शतकात एका स्तूपातनं स्फटिकाचा अस्थिकरंडक निघाला. त्याच्या लेखात धम्मगुत्त हे नाव आहे. आज अंबाबाईसाठी ओळखलं जाणारं गाव त्या काळी धम्माचंही गाव होतं, एवढं आपल्या मंडळाच्या पोरांनी ध्यानात ठेवावं.

आता हे ग्रीक, आपल्या लेखांतले यवन किंवा योन, होते कसे? (पुढं यवन म्हणजे मुसलमान असा अर्थ चिकटवला गेला, ती वेगळी भानगड.)

आपल्याला सांगतात, लोकशाहीचा जन्म अथेन्समध्ये झाला. खरंय. पण कसा झाला ते सांगत नाहीत. इसवी सनापूर्वी ५९४ च्या सुमारास तिथला गरीब शेतकरी सावकारीत पार बुडाला होता. रानात गहाणाचे दगड उभे. कर्ज फिटलं नाही की माणूसच विकला जायचा, बायकापोरांसकट. सोलन नावाच्या माणसानं ती कर्जं रद्द केली, दगड उपटले, माणूस तारण ठेवून कर्ज देण्यावर बंदी घातली, परदेशी विकले गेलेले परत आणवले. त्यानंतर ५०८ च्या सुमारास क्लाइस्थेनीसनं जुन्या कुळांची घडी मोडली. माणसं गावठाणानुसार दहा नव्या गटांत वाटली आणि प्रत्येकानं आपल्या नावापुढं गावठाणाचं नाव लावावं अशी रीत घातली. का? बापाचं नाव घेतलं की नवा नागरिक कोण, जुना कोण हे उघडं पडतं. गावाचं नाव घेतलं की पडत नाही.

ही युक्ती वाचून मला हसू आलं. आपल्याकडंही गावावरनं कर लावून आडनावं झाली. विटाळवाल्याची शोधक बुद्धी त्यानं थांबली काय? आडनाव ऐकून समाधान झालं नाही की पुढचा प्रश्न तयार असतो. मूळ गाव कुठलं? गावात घर कोणत्या बाजूला?

अथेन्सच्या सभेत चांभारकाम करणारा आणि जमीनदार एकाच टेकडीवर बसायचे. पाचशेंचं मंडळ चिठ्ठ्या टाकून निवडायचे. सहा हजार न्यायपंच दरवर्षी चिठ्ठीनं काढायचे. पेरिक्लीसच्या काळात पंचांना भत्ता सुरू झाला, म्हणजे हातावर पोट असलेल्यालाही न्यायाला बसता यावं. श्रीमंतांना ते अजिबात सोसलं नाही. त्यांच्यातल्या एकानं तक्रारवजा पुस्तिका लिहिली. तिच्यात तो दात-ओठ खात एक गोष्ट मात्र कबूल करतो, जहाजाची वल्ही गरीब मारतात, नगराची ताकद त्यांच्या दंडात आहे, म्हणून त्यांना सत्ता द्यावी लागते. वल्ही मारणाऱ्यांनी हे ओळखलं होतं. ऊस तोडणाऱ्यांनी, गटारं काढणाऱ्यांनी अजून पुरतं ओळखलेलं नाही.

आणि दुसरी बाजू. बाईला मत नाही. ४५१ साली पेरिक्लीसनंच कायदा केला की आई-बाप दोघंही अथेन्सचे असतील तरच पोरगं नागरिक. म्हणजे दार उघडलं, आपण आत आलो, आता कडी घाला. आणि गुलाम. सोलननं आपल्या गरिबाला गुलामीतनं सोडवलं तेव्हा श्रीमंतांनी राबायला माणसं बाहेरनं विकत आणली. मोझेस फिन्ली नावाच्या इतिहासकारानं हे स्पष्ट मांडलंय की ग्रीसमध्ये स्वातंत्र्य आणि गुलामगिरी हातात हात घालून वाढली. लाव्हरिऑनच्या चांदीच्या खाणीत हजारो गुलाम राबायचे. निकियास नावाच्या सेनापतीनं एक हजार गुलाम खाणीवर भाड्यानं लावले होते, दरडोई दररोज एक ओबोल. ह्याच खाणीच्या चांदीतनं जहाजं बांधली, त्या जहाजांनी ४८० साली सॅलमिसला इराणच्या बादशहाला हरवलं. पुढं स्पार्टाच्या सैन्यानं अथेन्सच्या उंबऱ्यावर डेकेलियाला तळ ठोकला तेव्हा वीस हजारांवर गुलाम पळून गेले, असं थ्युसिडिडीस लिहितो. लोकशाहीचं गुणगान करताना हा वीस हजारांचा आकडा बाजूला ठेवता येत नाही.

बाबासाहेबांनी ग्रीस असा दोन्ही डोळ्यांनी वाचला होता. १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये त्यांनी प्लेटोला चातुर्वर्ण्याशेजारी उभा केला. माणसांचे तीन वर्ग पाडून प्रत्येकाला जन्मभर त्यात कोंबायचं, प्रत्येक माणूस वेगळा असतो ह्याची दखलच घ्यायची नाही, हा प्लेटोचा दोष त्यांनी दाखवला. जगभर ज्याची पूजा चालते त्या प्लेटोला त्यांनी मनूच्या पंगतीला बसवला. आणि ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी आधार घेतला तो ग्रोटचा. ग्रोट म्हणजे ग्रीसचा मोठा इतिहास लिहिणारा इंग्रज. क्लाइस्थेनीसच्या अथेन्सविषयी लिहिताना त्यानं संविधानिक नीतीचा विचार मांडला होता. बाबासाहेबांनी तो उचलला आणि म्हणाले, ही नीती निसर्गतः येत नाही, ती अंगी बाणवावी लागते. इथली जमीन मुळात लोकशाहीची नाही, लोकशाही वर पसरलेल्या मातीच्या थरासारखी आहे. घ्यायचं ते घेतलं, टाकायचं ते टाकलं. ग्रीसपुढं लोटांगणही नाही आणि तोंड फिरवणंही नाही.

गुलामगिरीकडं मात्र जरा थांबून बघायला पाहिजे. आपले काही मित्र भाषणात सरसकट म्हणतात, आम्ही ह्या देशाचे गुलाम होतो. शब्द जोरकस आहे. पण गुलाम आणि अस्पृश्य ह्यात फरक आहे, आणि तो ग्रीसकडं बघून चांगला समजतो.

स्पार्टा घ्या. स्पार्टानं शेजारचा मेसेनिया जिंकला आणि तिथल्या सगळ्या रयतेला हेलॉट करून टाकलं. हेलॉट म्हणजे पिढीजात जमिनीला बांधलेला माणूस. राबायचा तो, खायचा स्पार्टन. स्पार्टाचे अधिकारी दरवर्षी ह्या आपल्याच रयतेविरुद्ध युद्ध पुकारायचे, म्हणजे हेलॉटाला मारलं तर पाप नको. एका ग्रीक लेखकानं नोंद केलीय की हेलॉटांना कुत्र्याच्या कातड्याची टोपी घालावी लागायची आणि दरवर्षी ठरलेले फटके खावे लागायचे, गुन्हा असो वा नसो. एकदा तर जाहीर केलं, ज्यांनी लढाईत पराक्रम केला त्यांनी पुढं यावं, मोकळं करतो. दोन हजारांच्या आसपास पुढं आले. डोक्यावर हार घालून देवळांना फिरवले, आणि मग ते दोन हजार नाहीसे झाले. हेही थ्युसिडिडीसच सांगतो. कारण उघड आहे. ज्याला आपण मोकळं व्हायच्या लायकीचे आहोत असं वाटतं तोच उद्या उठणार.

कुत्र्याच्या कातड्याची टोपी वाचताना पेशवाईतलं गळ्यातलं मडकं आणि कमरेचा झाडू आठवला नाही असा आपल्यात कोण असेल? इथपर्यंत दोन्ही सारखंच दिसतं. आता फरक बघा.

हेलॉट स्पार्टनाचं अन्न पिकवायचा, त्याच्या घरात वावरायचा, लढाईत त्याची हत्यारं वाहायचा. अथेन्समध्ये मालकाच्या पोराला बोट धरून शाळेत नेणारा गुलाम असायचा. भाकरी गुलाम बाई भाजायची, अंगाला तेल गुलाम चोळायचा. त्यांना मारत, विकत, पण त्यांच्या हाताचा विटाळ होत नसे. मघाचा तो तक्रारखोर श्रीमंत लिहितो की अथेन्सच्या रस्त्यात गुलाम वाट सोडत नाही, आणि कपड्यावरनं नागरिक कोण नि गुलाम कोण हेही कळत नाही. आपल्या मुलखात ही तक्रार करायची कुणावर वेळच आली नाही. इथं सावलीचासुद्धा हिशेब होता.

आणि मुख्य म्हणजे दार. गुलामाला सुटता येत होतं. ३७१ साली थीब्जच्या एपामिनोंडासनं स्पार्टाचा कणा मोडला आणि ३६९ साली मेसेनियातल्या हेलॉटांचं स्वतंत्र राज्य उभं राहिलं. शेकडो वर्षं कुत्र्याची टोपी घातलेली माणसं तट बांधून नगराचे नागरिक झाली. त्या वेळी आल्किडामस नावाच्या वक्त्यानं मेसेनियाच्या बाजूनं भाषण केलं आणि निसर्गानं कुणालाच गुलाम केलेलं नाही असं मांडलं. ॲरिस्टॉटल मात्र काही माणसं जन्मतःच गुलाम असतात म्हणून लिहून बसला. पण त्यालाही मान्य करावं लागलं की गुलामी हा निव्वळ माणसांचा कायदा आहे असं म्हणणारे लोक आहेत. म्हणजे तिथं वाद चालू होता. बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता ह्यांची तुलना करताना नेमकं इथंच बोट ठेवलंय. गुलाम पाळायलाच हवा अशी सक्ती कायद्यानं कुणावर नव्हती, पाहिजे तर मालक सोडू शकत होता. अस्पृश्यता पाळणं हे मात्र कर्तव्य. आणि अस्पृश्याला सोडवणारा मालक कोण?

ह्याच धाग्यातनं जोतिरावांकडं जाऊ. १९५० पासून बिंदू चौकात जोतिराव आणि बाबासाहेब शेजारी-शेजारी उभे आहेत. जोतिरावांची 'गुलामगिरी' १८७३ सालची. अमेरिकेतल्या गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांना ती अर्पण केलीय, हे आपण सगळे भाषणात सांगतो. पण तिच्या इंग्रजी प्रस्तावनेच्या माथ्यावर होमरचं वाक्य आहे, हे किती जणांनी बघितलंय? गुलामी माणसातलं काय हिरावून घेते ह्याबद्दलचं ते वाक्य. होमरच्या काव्यात ते युमेअस नावाच्या डुकरं राखणाऱ्याच्या तोंडी आहे. हा युमेअस जन्मानं राजाचा पोरगा. लहानपणी चाच्यांनी पळवला, विकला, गुलाम झाला. पुण्यात बसून एका माळ्यानं ग्रीकांच्या सगळ्यात जुन्या काव्यातलं वाक्य निवडलं, आणि तेही एका डुक्करराख्याचं. माझ्यापुरतं म्हणाल तर होमर मोठा कवी का, ह्याला हे एक कारण पुष्कळ झालं.

आता त्रिपिटकाकडं चला. मज्झिम निकायात अस्सलायन सुत्त आहे. अस्सलायन म्हणजे सोळा वर्षांचा, वेद पढलेला ब्राह्मण पोरगा. श्रावस्तीतल्या ब्राह्मणांनी त्याला पुढं घातला, की जाऊन गौतमाशी वाद घाल, ब्राह्मणच श्रेष्ठ वर्ण हे सिद्ध कर. बुद्ध त्याला एकेक प्रश्न विचारतात. त्यातला एक प्रश्न असा, योन आणि कंबोज देशात दोनच वर्ण आहेत, आर्य म्हणजे मालक, आणि दास. तिथं मालकाचा दास होतो, दासाचा मालक होतो, हे तू ऐकलंयस का? पोरगा म्हणतो, ऐकलंय.

योन म्हणजे ग्रीक. हा भाग अलेक्झांडरनंतर जोडला असेल असं काही अभ्यासक म्हणतात, काहींना तो आधीचाही वाटतो. मुद्दा तो नाही. मुद्दा असा की धम्मानं ग्रीक समाज नीट पारखला होता. तो आदर्श आहे असं बुद्ध म्हणत नाहीत. दास आहेत, हे सांगतात. पण वर्ण ब्रह्मदेवाच्या तोंडापायातनं निघाले असतील तर योन देशात ते कुठं गेले? हद्द ओलांडली की जे बदलतं ते देवाचं कसं? एवढ्या एका दाखल्यानं पुरुषसूक्ताच्या पायाखालची जमीन सरकते. राजाचा पोरगा डुकरं राखायला जातो आणि हेलॉट नगराचा धनी होतो, असा तो देश.

पण ब्राह्मण पंडित काही गप्प बसले नव्हते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ग्रीक राजे पंजाबात राज्य करत होते आणि त्यांच्या फौजा साकेतापर्यंत येऊन गेल्या होत्या. त्याच काळात पतंजली पाणिनीच्या व्याकरणावर महाभाष्य लिहीत होता. व्याकरण म्हटलं की आपण पुस्तक मिटतो. मिटू नका, तिथंच गोम आहे.

पाणिनीचा एक नियम आहे. दोन शूद्र जातींचा समास करताना, त्या जाती 'बाहेर न काढलेल्या' असतील तर समास एकवचनी करावा. पतंजली विचारतो, बाहेर न काढलेल्या म्हणजे कशाच्या बाहेर? आर्यावर्ताच्या म्हणावं तर शक आणि यवन नियमात बसत नाहीत, ते आर्यावर्ताबाहेरचे. आर्यांच्या वस्तीबाहेर म्हणावं तर चांडाळ आणि मृतप तर वस्तीतच राहतात. यज्ञाच्या म्हणावं तर सुतार, लोहार, परीट, विणकर अडतात, त्यांना यज्ञात जागा नाही. शेवटी उत्तर निघतं भांड्यावर. ज्यानं जेवलेलं भांडं घासूनपुसून शुद्ध होतं तो बाहेर काढलेला नाही. ज्यानं जेवलेलं भांडं कशानंही शुद्ध होत नाही तो बाहेरचा. म्हणून 'शकयवनम्' एकवचन. आणि चांडाळ-मृतपांचा समास अनेकवचनी.

परत वाचा. हजारो कोसांवरनं आलेला, गाय खाणारा, वेद न ऐकलेला, वर चाल करून आलेला यवन. त्याचं भांडं घासलं की चालतं. आणि पिढ्यान् पिढ्या ह्याच मातीत राबलेला, ह्यांचीच मढी उचलणारा, त्याचं भांडं घासूनही चालत नाही. परका आत, घरचा बाहेर. तोही कुठल्या रागाच्या भरात नाही. शांतपणे, व्याकरणाच्या पुस्तकात, एकवचन-अनेकवचनाचा हिशेब करताना.

आमच्या गावच्या हॉटेलात वळचणीला कान तुटलेली कपबशी खोचलेली असायची. बाप ती काढायचा, चहा वरनं ओतून घ्यायचा, प्यायचा, विसळायचा, परत खोचून ठेवायचा. पैसे मात्र गल्ल्यात जायचे, ते शुद्ध. पतंजली वाचला त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की त्या कपबशीचं वय दोन हजार वर्षांच्या पुढं आहे.

इथं एक सावधगिरी. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' मध्ये अपवित्र आणि अस्पृश्य ह्यांत फरक केलाय आणि अस्पृश्यतेची सुरुवात इसवी सन ४०० च्या आसपास धरलीय. तेव्हा पतंजलीचा चांडाळ म्हणजे थेट आपण, असं घाईनं म्हणू नये. पण भांड्याचा हा नियम पुढं कुणाकुणाला लागू केला गेला ते सांगायला नको. मनूनं चांडाळाच्या वाट्याला फुटकं भांडं, प्रेताचे कपडे आणि गावाबाहेरची जागा दिली. आणि यवन? मनू म्हणतो, यवन, शक, कंबोज हे मूळचे क्षत्रियच, फक्त ब्राह्मणांचं दर्शन न घडल्यानं खाली घसरले. घ्या! ज्याच्या हातात तलवार आहे त्याच्यासाठी क्षत्रियाची जुनी वंशावळ तयार.

पण यवनानं काय केलं? ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. पंजाबातल्या सागल नगरीचा ग्रीक राजा मिनँडर भिक्खू नागसेनाशी वाद घालायला बसला. नागसेनानं आधी अट घातली, पंडितासारखा वाद घालणार असशील तर बोलतो, राजासारखा घालणार असशील तर नाही. राजानं ती मानली. त्याच्या एका नाण्यावर आठ आऱ्यांचं चाक आहे. पाली ग्रंथात तो मिलिंद. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज काढलं, त्याला पुढं नाव दिलं मिलिंद आणि परिसराला नागसेनवन. आपल्या कितीतरी लिहित्या पोरांनी तिथं पाटी-पेन्सिल धरली. एका ग्रीक राजाचं नाव मराठवाड्यातल्या दलिताच्या दाखल्यावर आलं.

आणि राजाच कशाला, साधे यवन बघा. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबाखांबावर दात्यांची नावं कोरलेली आहेत. त्यात धेनुकाकट गावचे यवन बरेच. एकाचं नाव सिहधय, एकाचं धम्म. नावं इथल्या वळणाची झालेली, त्यामुळं हे सगळे अस्सल ग्रीकच होते का ह्यावर विद्वानांत वाद आहे. मला त्या वादात फार राम वाटत नाही. धम्मात आलेल्या माणसानं नाव बदललं तर नवल ते काय? आपणही बदलली. त्याच चैत्याच्या दाराचं काम त्याच धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुतारानं केलंय, दुसरं दान सिहदत्त नावाच्या अत्तरवाल्याचं. पतंजलीनं यज्ञाबाहेर ठेवलेला सुतार आणि आर्यावर्ताबाहेर ठेवलेला यवन एका छताखाली. कुणाचं नाव वर नाही, कुणाचं वेशीबाहेर नाही. आज एकवीरेला जाणारी हजारो माणसं त्या चैत्याच्या तोंडाशी रांगा लावतात आणि खांबाकडं न बघता परत फिरतात.

नाशिकच्या लेण्यात इंद्राग्निदत्त नावाचा दाता आहे. लेखात स्वतःला उत्तरेचा, योनक, दत्तामित्रीचा म्हणवतो. आई-बापाच्या नावानं त्यानं लेणं खोदवलं. जुन्नरला तर तीन यवन आहेत. चंदानं लेण्याचं दर्शनी काम दिलं. चिटानं संघासाठी भोजनमंडप दिला. आणि इरिल नावाच्या यवनानं पाण्याच्या दोन पोढी दिल्या. पोढी म्हणजे कातळात खोदलेलं टाकं.

भोजनमंडप आणि पाणी. जिथं विटाळ सगळ्यात आधी जाऊन बसतो त्याच दोन जागा. परदेशी माणसानं दिलेल्या मंडपात भिक्खू जेवले, त्यानं खोदलेल्या टाक्यातलं पाणी प्याले. संघात सगळ्या जातींची माणसं होती, त्यांनी ती भांडी कशी घासली ह्याचं व्याकरण कुणी लिहिलं नाही. त्यानंतर अठराशे वर्षांच्या आसपास, २० मार्च १९२७ ला, महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांना ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. आणि तळं बाटलं म्हणून शेणा-गोमुत्राचे घडे ओतून ते शुद्ध करण्यात आलं. जुन्नर ते महाड, मध्ये सह्याद्रीची एक रांग.

मधल्या काळात काय घडलं ह्याची एक खूण नाशिकलाच आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लांबलचक लेख आहे. आपल्या पोराची, गौतमीपुत्र सातकर्णीची, ती थोरवी सांगते. शक, यवन, पल्हवांचा नाश करणारा. क्षत्रियांचा तोरा मोडणारा. अद्वितीय ब्राह्मण. आणि चार वर्णांचा संकर थांबवणारा. हा लेख कोरलाय कुठं? बौद्ध भिक्खूंना दान दिलेल्या लेण्यावर. राजघराण्यानं संघाला गुहा दिली, गाव दिलं, आणि त्याच भिंतीवर वर्णव्यवस्था सावरल्याची फुशारकी कोरली. भिक्खूंनी ती कोरू दिली. दान घेताना दात्याची भिंत वाचावी लागते, हे त्या वेळच्या संघाला उमगलं नाही, का उमगून गप्प बसले, कोण जाणे. आपल्या मंडळांना आज कोण कोण वर्गणी देतंय आणि कमानीवर कुणाचे फोटो लागतायत, तेवढं बघा.

त्याच डोंगरावर, त्याच रांगेत, चार पावलांवर इंद्राग्निदत्त योनकाचं लेणं आहे. एका दारावर यवनांचा नाश केल्याचा डिंडिम, दुसऱ्या दारावर यवनाचं आई-बापासाठी दान.

येत्या उन्हाळ्यात अभ्यासवर्गाची सहल जुन्नरला काढावी असं मी सुचवतो. नुसते फोटो काढायला नको. ब्राह्मीची बाराखडी आधी दोन रविवार गिरवून घ्यायची, वही-पेन्सिल घ्यायची, आणि प्रत्येकानं एक तरी लेख स्वतः लावून वाचायचा. चिटाच्या भोजनमंडपाचा लेख कोण वाचणार ते पोरींनी ठरवावं. इरिलाचा मी मागून घेतलाय. आणि निघायच्या आधी टाऊन हॉलमध्ये जाऊन तो समुद्रदेव सगळ्यांनी बघून यावा.